जांभळा रंग परवडतो कुणाला?

[दृश्य : ब्राझीलमधली रिओ नेग्रो नदी, काळपट पाणी]

हे पाणी आम्लधर्मी आहे आणि पोषकद्रव्यं त्यात फारशी नाहीत. तरीही इथे एक जिवाणू सुखाने नांदतो : क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम. पेट्री डिशमध्ये वाढवला, की त्याच्या वसाहती गर्द जांभळ्या होतात. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केला.

रंगद्रव्याचं नाव व्हायोलासीन. कच्चा माल एकच, ट्रिप्टोफॅन. आपल्या डाळी-दुधात असतं तेच हे अमिनो आम्ल, पण पेशीला बनवायला सगळ्यांत महाग! व्हायोलासीनच्या एका रेणूमागे ट्रिप्टोफॅनचे दोन खर्ची पडतात.

[ॲनिमेशन : दोन रेणू एकमेकांकडे येतात]

कामाला पाच विकरं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं (एन्झाइम). पहिलं ट्रिप्टोफॅनचं ऑक्सिडीकरण करतं, दुसरं दोन रेणू जोडतं. खरी करामत तिसऱ्याची. जोडीतलं इंडोल नावाचं अणूंचं कडं ते एका कार्बनवरून शेजारच्या कार्बनवर सरकवतं. ते नसेल, तर जोडी भलत्याच वाटेला लागते आणि जांभळा रंग बनतच नाही. उरलेली दोन विकरं ऑक्सिजन बसवतात. कार्बन, नायट्रोजन सगळे ट्रिप्टोफॅनचे. ऑक्सिजन तेवढा हवेतला.

[दृश्य : पांढऱ्या वसाहती, कडेने जांभळ्या होत जाणाऱ्या]

एवढा खर्च एकटी पेशी करत नाही. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडत असते. गर्दी वाढली, की हा संदेश दाट होतो आणि मगच रंगाची जनुकं चालू होतात. संदेश स्वतः बनवू न शकणारा एक पांढरा वाण प्रयोगशाळांत मुद्दाम वापरतात. शेजारच्या जिवाणूने तसा संदेश सोडला, की हा जांभळा होऊन चुगली करतो.

गर्दी म्हणजे अन्नावरून भांडण, आणि व्हायोलासीन हे त्यातलं हत्यार. स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या जिवाणूंना ते मारक ठरतं. बुरशीलाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या बेडकांवर झालेला २००९ चा प्रयोग तर बघाच : व्हायोलासीन बनवणारा दुसरा एक जिवाणू, जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम, त्वचेवर सोडलेले बेडूक जीवघेण्या कायट्रिड बुरशीतून वाचले.

[दृश्य : जांभळं रेशीम]

या रंगाने रेशीम आणि लोकरही रंगवून झाली आहे. छटा देखणी, यात वाद नाही. पण उन्हात ती फिकी पडते, त्यामुळे कापड गिरण्यांनी अजून तरी याला दारात उभं केलेलं नाही.