हात छातीवर, पाच वेळा

(सकाळचा वॉर्ड. सलाईनचा थेंब. कॅमेरा खाटेखाली उतरतो.)

सकाळचे साडेसहा. मावशींनी फरशी पुसून घेतलीय, मामा चहाची किटली घेऊन फिरतायत. पुरुषांच्या या वॉर्डात 18 खाटा. खाटांखालच्या चपलांकडे बघा. भरतीच्या दिवशी आत सरकवल्या, त्या अजून तशाच आहेत.

सात नंबरचे आजोबा 74 वर्षांचे. न्यूमोनियानं आले, त्याला 9 दिवस झाले. ताप उतरला, ऑक्सिजनची नळी निघाली, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. आज डिस्चार्ज. सूनबाईंनी पिशवी कालच भरून ठेवलीय. आजारी पडायच्या आदल्या दिवसापर्यंत गोठ्यातली धार आजोबाच काढत होते.

(फिजिओथेरपिस्ट खुर्ची उचलून आणतात. फरशीवर चिकटपट्टी.)

या फिजिओथेरपिस्ट. वॉर्डात त्यांना सगळे 'व्यायामाच्या मॅडम' म्हणतात. साहित्य काय, तर बिनहाताची खुर्ची, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा, मध्ये 4 मीटर अंतर. हृदयाचा ईसीजी निघतो, छातीचा एक्स-रे निघतो. पायांसाठी हे आहे.

एसपीपीबी नावाची ही चाचणी 1994 साली अमेरिकेत जॅक गुरल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तीन भाग, प्रत्येकी 4 गुण, एकूण 12. वेळ म्हणाल, तर चहा थंड व्हायच्या आत उरकते.

(पावलांचा क्लोज-अप.)

आधी तोल. पावलं जुळवून 10 सेकंद उभं राहायचं. जमलं. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला बाजूनं टेकवून पुन्हा 10 सेकंद. तेही जमलं. आता पावलामागे पाऊल, टाचेला बोटं लावून, डोंबारी दोरीवर उभा राहतो तसं. बोटं बघा, फरशी धरू बघतायत. एक, दोन, तीन, चार... आणि हात मॅडमच्या खांद्यावर. तोलाचे 3 गुण.

मग चालणं. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत, नेहमीच्या चालीनं. 4.82 सेकंदांच्या आत पोचलं तर पूर्ण 4 गुण, 8.70 च्या पुढे गेलं तर 1. पाय उचलला जात नाहीये. स्लिपर घासतेय, आवाज ऐका.

(फक्त स्लिपरचा आवाज. निवेदन थांबतं.)

9.1 सेकंद. गुण 1.

शेवटी खुर्ची. "हात छातीवर घ्या आजोबा. आधार न घेता उठायचं, बसायचं. पाच वेळा." पहिल्यांदा उठले. दुसऱ्यांदा अंगाला हिसका देऊन उठले. तिसऱ्यांदा मांड्या थरथरल्या आणि हात आपोआप खुर्चीच्या कडेला गेला.

"अगं पोरी, घरी भिंत असते की धरायला!"

सगळे हसतात. आजोबाही हसतात. खुर्चीचे गुण शून्य. बारापैकी चार.

(कठडे वर केलेली खाट. लघवीची पिशवी. डबा भरवणारा हात.)

हे सगळं न्यूमोनियानं केलं का? सगळं नाही. 9 दिवसांत आजोबा खाटेवरून किती वेळा उतरले, हे सूनबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं. हाताला सलाईन, लघवीला नळी, 'पडाल, उठू नका' म्हणून वर केलेले कठडे. सिस्टरांना दोष द्यायला आम्ही आलेलो नाही. 18 खाटांना रात्री दोघीच असतात. आणि घरच्यांचं म्हणाल, तर 'आराम करा' हा आपल्याकडे मायेचा शब्द. पाय चेपायचे, घास भरवायचा, उठू लागले की "पडून राहा" म्हणायचं. माणूस अंथरूण धरतो असं आपण म्हणतो. इथं अंथरूणच माणसाला धरून ठेवतं.

रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 1947 सालीच लिहिलं होतं, की रुग्णाला झोपवून ठेवणं हेच एक दुखणं आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं. आजार कसलाच नाही, जेवणखाण वेळेवर. तरी पायांचं जवळपास 1 किलो मांस झडलं.

(व्हरांडा. शेजारच्या खाटेवरचे काका सलाईनचा स्टँड ढकलत चालतायत.)

हे काका आमच्या कॅमेऱ्यासाठी चालत नाहीयेत. मॅडमनी त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ चार खांब नेमून दिलेत. आज सहा केले, असं ते स्वतःच ओरडून सांगतात.

स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात 75 च्या पुढच्या 370 रुग्णांवर हेच जरा शिस्तीनं करून पाहिलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याबरोबर दिवसातून दोनदा व्यायाम: खुर्चीतून उठणं, तोल, चालणं, पायांनी वजन ढकलणं. फक्त 5 ते 7 दिवस. निष्कर्ष 2018 च्या शेवटी प्रसिद्ध झाले. याच बारा गुणांच्या चाचणीत व्यायामवाले सरासरी 2.2 गुणांनी पुढे निघाले. बहुतेकांचं वय ऐंशीच्या वर, हे ध्यानात घ्या. यंत्रं नसली तरी खुर्ची आणि व्हरांडा आपल्या कुठल्याही दवाखान्यात असतो. नसतो तो फिजिओथेरपिस्ट. आणि असला, तरी त्याला हाडांच्या वॉर्डाबाहेर कुणी बोलवत नाही.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या 87 रुग्णांच्या अभ्यासात, डिस्चार्जच्या वेळी 0 ते 4 गुण असलेल्यांना पुढे पुन्हा भरती होण्याचा किंवा मृत्यूचा धोका 8 ते 12 गुणवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसला.

(डिस्चार्ज कार्ड. निळं पेन.)

आजोबांचं कार्ड तयार आहे. निदान, गोळ्या, 15 दिवसांनी दाखवायला या. रुग्णाची स्थिती: स्थिर. चालण्याला रकाना नाही, म्हणून मॅडम कोपऱ्यात पेनानं लिहितात, '4/12'. त्याखाली: 'दिवसातून तीनदा, खुर्चीतून पाच वेळा. भिंत धरून चालेल.'

(गेट. व्हीलचेअर. रिक्षा.)

मामा काखेत हात घालून आजोबांना रिक्षात बसवतात. पिशवी आत जाते, एक्स-रेचं पाकीट आत जातं. स्लिपर सूनबाईंच्या हातात.