"तुम्ही मूळचे कुठले हो?"

नमस्कार मंडळी. प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर लिहून द्या असं सांगितलं होतं, आणि जवळजवळ निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न आलाय, की तुम्ही मूळचे कुठले. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आणि मी पेणची. माझे आजोबा पेणचे, त्यांचे वडीलही पेणचेच. आमची आडनावं बघा ना, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर, अख्खा रायगड जिल्हा त्यात येतो. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष न सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज. त्याचा लेखी पुरावा नाहीये, पण नवगावला आमचं जुनं कब्रस्तान आहे.

आता शब्दांचा घोळ. ज्यू आणि यहुदी एकच, एक शब्द इंग्रजीतून आला, दुसरा अरबी-फारसीकडून. हिब्रू ही भाषा. इस्रायली म्हणजे त्या देशाचा नागरिक, आणि तिथे साधारण पाचातला एक नागरिक अरब आहे, त्यात मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं, आणि इस्रायल हे बायबलमधल्या याकोबाचं दुसरं नाव. देश झाला १९४८ ला, आमचं नाव त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून तिकडे काही घडलं की लोकलमध्ये "तुमच्या सरकारने काय केलं बघा" असं कुणी म्हणतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण माझं सरकार मुंबईत आणि दिल्लीत बसतं, मत मी इथेच देते.

दुसरी चिठ्ठी, ज्यू म्हणजे सावकार, पैसेवाले, हे खरं का. ही समजूत युरोपातून आलीय. तिथे मध्ययुगात बऱ्याच ठिकाणी ज्यूंना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघात घेत नव्हते, आणि चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला मनाई केली होती, मग तो धंदा काही ज्यूंच्या गळ्यात पडला आणि नंतर त्याच धंद्यावरून त्यांना शिव्या न मारहाण. बाकीचे तिथेही गरीबच होते. आणि कोकणात? कोकणात आमचे लोक घाण्यावर तेल काढायचे. शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. पुढे मुंबईत आल्यावर पलटणीत गेले, रेल्वेत गेले, कारकून झाले. मुंबईचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, १७९६ चं, ते बांधलं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी, तेही फौजेतलेच.

"तुम्ही ज्यू वाटत नाही" हे तर मला कायम ऐकायला मिळतं. ज्यूचा असा एक चेहरा नसतो हो, इथिओपियाचे ज्यू आहेत, येमेनचे आहेत, कोचीचे आहेत. पण हे फक्त बाहेरच्यांनी केलं असं म्हणणं खोटं ठरेल. आमच्यातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, सोयरीक होत नसे. आणि आमची माणसं इस्रायलला गेली तर १९६० च्या सुमारास तिथल्या धर्मगुरूंनीच लग्नाच्या वेळी विचारायला सुरुवात केली की तुम्ही खरे ज्यू का, आजीपणजीचं कूळ दाखवा. जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी ठिय्या दिला, बायका-पोरांसकट, तेव्हा कुठे १९६४ मध्ये हा प्रश्न मिटला.

शेवटची चिठ्ठी, आधी मराठी की आधी ज्यू. आमच्याकडे एक सण आहे, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर दोनदा पाडलं गेलं, दुसऱ्यांदा इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने, त्याच्या दुःखाचा हा उपास. आजी आदल्या दिवशीच वाल भिजत घालायची, मोड आले की आम्ही पोरी ओट्याखाली बसून सोलायचो, बोटं चिकट व्हायची आणि नखांत सालं अडकायची, आणि ती सोलता सोलता मंदिर कसं जळलं ते सांगायची, मराठीत, काल शेजारच्या आळीत घडल्यासारखं. संध्याकाळी चांदण्या दिसल्या की उपास सुटायचा, भात न बिरडं.