‘तुमचं काय हुकलं!’

आजच्या विषयाची सुरुवात मी मैदानातून करणार नाही, दफनभूमीच्या भिंतीपासून करणार आहे. साल १९८७, मे महिना, इटलीतलं नेपल्स शहर. नापोली या तिथल्या फुटबॉल क्लबनं पहिल्यांदाच देशाचं अजिंक्यपद मिळवलं होतं. शहर झोपायला तयार नव्हतं. त्या धामधुमीत कुणीतरी दफनभूमीपर्यंत गेलं आणि बाहेरच्या भिंतीवर आत विसावलेल्यांना उद्देशून लिहून आलं: ‘तुमचं काय हुकलं, तुम्हाला कल्पना नाही.’ नेपल्सची माणसं पुढे असंही सांगतात, की दुसऱ्या दिवशी त्या वाक्याला उत्तर उमटलं होतं: ‘हुकलं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?’

उत्तर खरंच भिंतीवर लिहिलं गेलं, की गोष्ट सांगता सांगता कुणाच्या तरी तोंडून निघालं आणि चिकटलं, हे शोधण्यात मला फारसा रस नाही. मला ओढ आहे ती त्या पहिल्या माणसाची. आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या रात्री त्याला मेलेली माणसं का आठवली?

अजिंक्यपदाच्या आठवणी सांगणाऱ्या चाहत्यांचं मी वर्षानुवर्षं वाचत आणि ऐकत आलो आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. ‘त्या दिवसाचं सांगा’ म्हटलं, की माणूस गोल कसा झाला ते पहिल्या अर्ध्या मिनिटात उरकून टाकतो. मग आवाज जरा खाली येतो. ‘बाबा असते तर...’ ‘माझा मित्र त्या वर्षी परदेशी होता, त्याला फोन लावला, दोघंही बोलू शकलो नाही.’ जल्लोष आठवताना माणसं गैरहजर असलेल्यांची हजेरी घेतात. आज मला एवढंच मांडायचं आहे.

आता नेपल्समध्ये हे इतकं तीव्रपणे का झालं, ते पाहू. क्लब स्थापन झाला १९२६ साली. पहिलं अजिंक्यपद आलं १९८७ साली. मधली एकसष्ट वर्षं मोजा. संघाच्या मागे जन्म काढून, कधीही काहीही न जिंकता गेलेली अख्खी पिढी त्या भिंतीच्या आत होती. इटलीत अजिंक्य संघाच्या जर्सीवर पुढच्या मोसमात तिरंगी ढालीचं छोटं चिन्ह लावतात, त्याला स्कुदेत्तो म्हणतात. ही ढाल बहुतेक वेळा उत्तरेत राहायची. ट्युरिन आणि मिलान ही श्रीमंत, कारखान्यांची शहरं. दक्षिणेतल्या सार्डिनिया बेटावरच्या काल्यारीनं १९७० साली एकदा ती नेली होती, पण मुख्य भूमीवरच्या दक्षिणेत ती तोवर आलेलीच नव्हती. त्यात अपमानाची भर. १९७३ साली नेपल्समध्ये कॉलऱ्याची साथ आली होती. १९८० च्या नोव्हेंबरात त्या भागात भीषण भूकंप झाला. पुढे उत्तरेतल्या मैदानांवर नापोलीचं स्वागत कॉलऱ्यावरून हिणवणाऱ्या घोषणांनी व्हायचं, ‘व्हेसुव्हियसा, यांना धुऊन काढ’ असे फलक फडकायचे. शेजारच्या ज्वालामुखीला साकडं, की या शहराला लाव्ह्यानं अंघोळ घाल.

अशा शहरात ५ जुलै १९८४ रोजी अर्जेंटिनाचा डिएगो मॅराडोना नापोलीकडून खेळायला आला. त्याला नुसतं बघायला सत्तर हजारांहून अधिक माणसं स्टेडियममध्ये जमली. त्या दिवशी सामना नव्हता, हे लक्षात घ्या.

१० मे १९८७. समोर फिओरेंतिना. नापोलीला एक गुण, म्हणजे नुसती बरोबरी, पुरेशी होती. कार्नेवालेनं गोल केला, मग एका कोवळ्या पोरानं फ्री किकवर बरोबरी साधली. तो रॉबेर्तो बाज्जो, आणि इटलीच्या अव्वल साखळीतला हा त्याचा पहिला गोल. सामना १-१ सुटला आणि शहर फुटलं. रस्तोरस्ती युव्हेंटस आणि मिलान या उत्तरेतल्या क्लबांच्या लुटुपुटीच्या अंत्ययात्रा निघाल्या, शवपेट्या खांद्यावर घेऊन. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण ज्यांना ‘मरा’ म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं, त्यांनी हिणवणाऱ्यांचं दुःख करायचं सोंग आणलं, त्यांना रीतसर निरोप दिला. एकसष्ट वर्षांचा हिशेब त्या शवपेट्यांत होता, आणि मला त्यात कडवटपणापेक्षा सुटकेची भावना जास्त दिसते. त्याच रात्रींमधलं ते भिंतीवरचं वाक्य. एका हातानं शत्रूला पुरायचं आणि दुसऱ्या हातानं आपल्या मेलेल्यांना उठवायचं.

१९९० साली दुसरं अजिंक्यपद आलं. त्यानंतर पडझड. मॅराडोना १९९१ साली शहर सोडून गेला. २००४ साली क्लबचं दिवाळं निघालं, आणि औरेलिओ दे लॉरेंतीस या चित्रपट निर्मात्यानं तो विकत घेऊन तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा उभा केला. २००७ साली संघ अव्वल श्रेणीत परतला. २५ नोव्हेंबर २०२० रोजी मॅराडोना गेला. काही दिवसांतच स्टेडियमला त्याचं नाव दिलं गेलं. ते मैदान आता त्याच्या नावाचं होतं, पण त्या मैदानावर तो नव्हता.

आणि मग २०२३. यातला एक दिवस जवळून बघू, कारण त्यात जल्लोषाची सगळी नाडी आहे. रविवार ३० एप्रिल. आधी मिलानच्या इंटरनं नापोलीच्या पाठलागावर असलेल्या लाझिओला ३-१ हरवलं, म्हणजे आता नापोलीनं शेजारच्या सालेर्नितानाला हरवलं की तिथल्या तिथे अजिंक्यपद. शहर आठवडे आधीच निळ्या-पांढऱ्या पताकांनी झाकलं होतं. एरवी ‘आधी साजरं करू नका, दृष्ट लागते’ असं मानणारी ही माणसं, पण त्या वर्षी त्यांना धीर धरवेना. ६२व्या मिनिटाला ऑलिवेरानं हेडरवर गोल केला. आता बावीस मिनिटांचं अंतर ध्यानात ठेवा. बावीस मिनिटं त्या शहरातली लाखो माणसं अजिंक्य होती. ८४व्या मिनिटाला बुलाये दियानं एक फटका असा मारला की १-१. घड्याळ संपलं. फटाके हातात, आणि पेटवायचे नाहीत.

मला विचाराल तर त्या दिवसाची आठवण चार दिवसांनी आलेल्या खऱ्या विजयाइतकीच मोलाची आहे. तेहेतीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला ‘आणखी चार दिवस’ म्हणणं काय असतं! त्या चार दिवसांत घराघरात जुने फोटो निघाले असतील, म्हाताऱ्यांनी नातवंडांना १९८७ पुन्हा एकदा सांगितलं असेल. जल्लोष लांबला आणि सांगायला वेळ मिळाला.

४ मे २०२३, गुरुवार. सामना नेपल्समध्ये नव्हताच, दूर ईशान्येला उदिनेत होता. तरी इकडे मॅराडोनाच्या नावाच्या स्टेडियममध्ये पन्नास हजारांवर माणसं पडद्यावर सामना बघायला जमली होती. समोरचं हिरवळीचं मैदान रिकामं. १३व्या मिनिटाला लोवरिचनं गोल करून धडकी भरवली. ५२व्या मिनिटाला व्हिक्टर ओसिम्हेननं बरोबरी केली. पुन्हा १-१! १९८७ सारखंच. या वेळी बरोबरीही पुरेशी होती, पाच फेऱ्या शिल्लक असताना अजिंक्यपद. प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती त्या रात्री जे बोलले त्याचा आशय असा होता, की इथल्या कित्येकांना आयुष्यातल्या कठीण वेळी हा क्षण आठवून तग धरता येईल. प्रशिक्षकानं विजयाच्या रात्री डावपेच सोडून आठवणीबद्दल बोलावं, हे मला फार खरं वाटतं.

एक गोष्ट लपवू नये. त्याच रात्री नेपल्समध्ये गोळी लागून एका तरुणाचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. ज्या घरात ती रात्र अशी गेली, त्या घराला ४ मे वेगळाच आठवणार आहे. जल्लोषाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकानं हे सांगितलं पाहिजे.

आता जरा आपल्या देशात येऊ, कारण हजेरी-गैरहजेरीचं सर्वांत सुंदर चित्र मला कोलकात्यात दिसतं. २९ जुलै १९११, आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. मोहन बागानचे अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी, समोर बूट घातलेली ब्रिटिश सैन्याची ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. फाळणी होऊन सहा वर्षं झालेल्या बंगालच्या दोन्ही बाजूंनी माणसं लोटली होती. आगगाड्या, आगबोटी भरभरून आल्या. एवढ्या गर्दीत मैदान दिसणार किती जणांना? मागच्यांसाठी पतंग उडवले गेले आणि पतंगांवरून गोलसंख्या कळवली गेली. आधी रेजिमेंटचा गोल, मग शिबदास भादुडींची बरोबरी, आणि सामना संपत आलेला असताना अभिलाष घोष यांचा विजयी गोल. डोळ्यांसमोर आणा. हजारो माणसं मैदानाकडे पाठ नसली तरी मैदान न दिसणारी, मान वर करून आभाळात विजय वाचताहेत! त्यांनी एकही गोल पाहिला नाही. पण पुढे आयुष्यभर ‘मी तिथे होतो’ हे त्यांनीच सांगितलं असणार, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

त्या विजयाची एक दंतकथा आहे. मैदानातून परतताना एका वृद्धानं फोर्ट विल्यमवरच्या ब्रिटिश झेंड्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे तर झालं, तो कधी उतरणार?’ उत्तर आलं, ‘पुन्हा शील्ड जिंकू तेव्हा.’ मोहन बागाननं त्यानंतर शील्ड जिंकली ती १९४७ साली. संवाद खरा असेल-नसेल, साल खरं आहे. आज १९११ चा एकही साक्षीदार उरलेला नाही, तरी २९ जुलै हा दिवस ‘मोहन बागान दिन’ म्हणून साजरा होतो. तिथे जमणारा प्रत्येक जण त्या सामन्याला गैरहजर होता.

याच्या अगदी उलट प्रसंग लिव्हरपूलवर आला. तिथे चाहतेच गैरहजर ठेवले गेले. तीस वर्षांनी साखळीचं विजेतेपद मिळालं ते २५ जून २०२० रोजी, संघ खेळतही नसताना, चेल्सीनं मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं म्हणून. महामारीचे दिवस. २२ जुलैला चषक उंचावला गेला तो कॉप या, लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावरच्या प्रसिद्ध स्टँडमध्ये मंच उभारून. जिथे चाहते उभे राहून गातात, नेमकं तिथेच चाहते नव्हते. याआधीचं विजेतेपद १९९० चं, म्हणजे हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते गेले, त्यानंतर साधारण वर्षभरानं आलेलं. त्या दुर्घटनेतल्या ९७ जणांची नावं अॅनफिल्डच्या बाहेर कोरलेली आहेत. या शहराला कोण आलं नाही हे मोजायची सवय फार जुनी आणि फार दुखरी आहे. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये टॉटनहॅमला ५-१ हरवून भरल्या मैदानात विजेतेपद आलं, तेव्हा कित्येकांनी ते २०२० चं राहिलेलंही फेडून घेतलं. पण २६ मेच्या मिरवणुकीनंतर एक मोटार गर्दीत घुसली आणि शंभराहून अधिक माणसं जखमी झाली.

ब्वेनोस आयरेसबद्दल थोडक्यात. अर्जेंटिनानं विश्वचषक जिंकल्यावर २० डिसेंबर २०२२ रोजी तिथे लाखो माणसं रस्त्यावर होती. इतकी, की खेळाडूंची बस ओबेलिस्कच्या स्तंभापर्यंत पोहोचूच शकली नाही, शेवटी खेळाडूंना हेलिकॉप्टरनं नेलं. तासन् तास उभ्या राहिलेल्या कितीतरी जणांना एकही खेळाडू दिसला नाही. पण त्या महिनाभर त्यांच्या ओठांवर जे गाणं होतं, त्यात मॅराडोना आपल्या आईवडिलांसोबत वरून मेस्सीला प्रोत्साहन देत होता. नेपल्सच्या भिंतीवरचं ते उत्तर आठवा.

लिव्हरपूलची मिरवणूक ज्या दिवशी निघाली, त्याच दिवशी, २६ मे २०२५ रोजी, नेपल्सच्या समुद्रकाठच्या व्हिया काराच्चोलोवरून उघड्या बसमधून नापोलीचा संघ जात होता. तीन दिवसांपूर्वी काल्यारीला २-० हरवून चौथं अजिंक्यपद आलं होतं, इंटरपेक्षा फक्त एक गुण जास्त. मॅकटॉमिनेनं हवेत झेपावत मारलेला गोल, दुसरा लुकाकूचा. या खेपेला वाट फक्त दोन वर्षांची. बसच्या कडेनं बापांच्या खांद्यांवर बसलेल्या पोरांना हे दर दोन वर्षांनी होतं असंच वाटत असेल. त्यांना खांद्यावर घेतलेल्या बापांतले कितीतरी १९९० साली असेच कुणाच्या तरी खांद्यावर होते.

मी इथे थांबतो. सभागृहात ज्यांच्या संघानं कधी ना कधी अजिंक्यपद मिळवलंय, त्यांनी आता बोलावं, माइक तुमच्याकडे फिरवतो आहोत. निकाल राहू द्या. शेजारी कोण होतं आणि कोण नव्हतं, तिथून सुरू करा.