चार हजारावरचा खड्डा

सोलापूरचा पूर्व भाग. यंत्रमागाच्या शेडबाहेर उभं राहिलं तरी शेजारच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. आतली माणसं बोलतच नाहीत. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, सगळं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर चालतं. धोट्याचे माग एकत्र सुरू झाले की आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ही कमाल मर्यादा आहे. पाळी बारा तासांची असली, तर मर्यादा आणखी खाली यायला हवी.

या आवाजानं कान एका दिवसात जात नाही. आधी स, श, फ हे बारीक आवाज हरवतात. नातू 'साठ' म्हणतो, आजोबांना 'आठ' ऐकू येतं. 'मोठ्यानं बोल' म्हणतात, आणि मोठ्यानं बोललं की 'ओरडतोस कशाला?' घरच्यांना हा तिरसटपणा वाटतो. तो आजाराचाच भाग आहे.

डॉक्टर आधी कानात बघतात. मळ असेल तर काढता येतो, पडद्याला भोक असेल तर बहुतेकदा शस्त्रक्रियेनं बुजवता येतं. मग ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा धातूचा चिमटा, एकदा कानासमोर, एकदा कानामागच्या हाडावर. हाडावर जास्त ऐकू आलं, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. मागावरच्या माणसाला बहुधा कानासमोरच जास्त येतं. म्हणजे बिघाड आत, नसेच्या बाजूला.

पुढे ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या सुराला किती ऐकू येतं याची मोजणी. बंद खोली, हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. त्या शांततेत काहींना स्वतःच्याच कानातली शिट्टी जास्त जाणवते. त्यातून आलेख निघतो: रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. मागावरच्या माणसाची रेघ बरी चालली असताना ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यात जाते आणि ८००० ला थोडी वर येते. नुसत्या वयाच्या बहिरेपणात ती अशी वर येत नाही.

आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोमट तेलानं तर नाहीच. पडदा फाटका असेल तर तेल अपायच करतं. उरतं श्रवणयंत्र. आणि ज्यांचा कान अजून शाबूत आहे त्यांच्यासाठी फोमचे बोळे. कापसानं आवाज फारसा अडत नाही. बोळा बारीक वळायचा, कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरायचा.

हे बहिरेपण कायद्यानं व्यवसायजन्य आजार मानलं आहे. पण भरपाई मागताना ते कामामुळंच आलं का, यावर वाद होऊ शकतो. त्यासाठी मागावर उभं राहण्याआधीचा एक आलेख हाताशी हवा, आणि तो काढायचा खर्च मालकानंच करायला हवा.