पिवळी बाटली

हे ताईंचं कालनिर्णय बघा. भांडुप पश्चिमेला, स्टेशनपासून चढ चढून आलं की एक जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, दुसरा मजला, आणि स्वयंपाकघराच्या दाराला हे लटकलेलं. सगळीकडे असतं तसंच, फक्त यावर तिथीपेक्षा ठिपके जास्त. काळा ठिपका म्हणजे अंथरुणातून उठता आलं नाही, निळा म्हणजे घरातल्या घरात वावरले, आणि हिरवा म्हणजे खाली जाऊन भाजी आणली आणि दोन जिने चढून परत आले. हिरवे मोजायला एक हात पुरतो.

ताई फोर्टला बँकेत होत्या, रोज स्लो लोकलने सीएसएमटी, तेही उभ्याने. 2021 ला कोविड झाला, दोन आठवड्यांत निगेटिव्ह, सगळे म्हणाले सुटलात. आणि मग तो थकवा जो आला तो गेलाच नाही. रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. एक डॉक्टर तर म्हणाले मॅडम, रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे, जरा मन रमवा. शेवटी परळला एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, एमई-सीएफएस, म्हणजे जुन्या नावाने क्रॉनिक फटिग सिंड्रोम. नाव मिळालं पण औषध नाही, कारण हा आजार मुळापासून बरा करणारं सिद्ध झालेलं औषध आजही कुठे नाहीये.

आणि जिथे औषध नसतं ना, तिथे औषधांची रांग लागते. काढा झाला, गोळ्या झाल्या, पंचकर्म झालं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून ती पिवळी बाटली, म्हणजे सलाईनमध्ये व्हिटॅमिन. तुम्ही पण घेतली असेल कधीतरी, आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की पिवळी बाटली. ताई म्हणतात, "अरे, खरंच फरक पडला होता, दोन दिवसांत खाली जाऊन आले."

आता यात ताई खोटं बोलत नाहीयेत, हे आधी सांगतो. फरक पडलाच होता, हिरवा ठिपका आहे ना तिथे. प्रश्न एवढाच की बाटलीने पडला का. कारण आपण डॉक्टरकडे जातो कधी, तर सगळ्यात वाईट आठवड्यात. आणि हा आजार वरखाली होणारा, त्यामुळे सगळ्यात वाईट आठवड्यानंतर काहीही न करता बरेचदा थोडा बरा आठवडा येतोच. ओहोटीला पाण्यात नारळ टाकायचा आणि सहा तासांनी म्हणायचं की बघा, नारळाने भरती आली. वरळीच्या कोळ्याला सांगून बघा, तो नारळ श्रद्धेने वाहील पण होडी काढताना भरतीची वेळच बघेल.

यात फक्त आपणच फसतो असं नाही. नॉर्वेत बर्गनला फ्लूगे आणि मेला नावाचे दोन कॅन्सरचे डॉक्टर. त्यांच्या एका कॅन्सर पेशंटला हाच आजार होता आणि केमोनंतर तो थकवाच कमी झाला. मग त्यांनी रिटुक्सिमॅब नावाचं कॅन्सरवरचं औषध 30 जणांवर करून बघितलं, 15 जणांना औषध आणि 15 जणांना नुसतं सलाईन, कोणाला काय दिलंय हे ना पेशंटला माहीत ना तपासणाऱ्याला. 2011 ला निकाल आला, औषधवाले 10 सुधारले, सलाईनवाले 2. जगभरचे पेशंट हेच औषध मागायला लागले, आणि मागणारच ना. पण एक बारीक गोष्ट होती, आधी ठरवलेली मुख्य मोजणी तीन महिन्यांची होती आणि तिथे फरक नव्हता, सुधारणा नंतरची होती. म्हणून त्यांनी परत केलं, 151 जण, दोन वर्षं. 2019 ला छापलं. औषध मिळालेल्यांपैकी 26 टक्के सुधारले, न मिळालेल्यांपैकी 35. स्वतःच्याच आशेवर पाणी ओतणारा आकडा त्यांनी स्वतः छापला, मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आदर याच दोघांबद्दल वाटतो.

पण मोठा ट्रायल, म्हणजे उपचाराची मोठी चाचणी, म्हणजे शेवटचा शब्द, असंही नाही हं. ब्रिटनमध्ये पेस नावाचा ट्रायल झाला, 641 पेशंट, 2011 लाच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, म्हणे हळूहळू व्यायाम वाढवा आणि समुपदेशन घ्या, फायदा होतो. 2013 ला तर म्हणाले 22 टक्के बरे झाले. आता गंमत बघा. ट्रायलमध्ये आजारी म्हणून घ्यायला शारीरिक क्षमतेचा स्कोअर 100 पैकी 65 किंवा कमी लागायचा, आणि बरं झालात म्हणायला 60 चालायचा. म्हणजे 65 वर आत या, घसरून 60 वर जा, तरी त्या मापाने तुम्ही पास! आधी ठरलेला आकडा 85 होता, तो मध्येच बदलला. वर कोणाला काय उपचार चालूय हे सगळ्यांना माहीत, आणि मोजणी मुख्यतः पेशंटच्याच उत्तरांवर. हे पकडलं कोणी, तर मोठ्या प्रमाणावर पेशंटनीच, अंथरुणात पडून. ट्रायलच्या डेटासाठी प्रकरण माहिती अधिकाराच्या ट्रायब्यूनलपर्यंत गेलं, 2016 ला डेटा मिळाला, मूळ मापाने मोजल्यावर बरे झालेले दहा टक्क्यांच्याही आत आले. 2021 ला ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाईस या संस्थेने तो वाढत्या व्यायामाचा सल्ला काढूनच टाकला.

ताईंना हे सगळं सांगितलं तर त्या उठल्या आणि कालनिर्णयची मागची पानं उलटायला लागल्या. बाटली घेतलेले आठवडे त्यांनी पेन्सिलने गोल केले. हिरवे ठिपके गोलाच्या आत होते तेवढेच बाहेर. हा काही ट्रायल नाही, बाटली कधी घेतली हे त्यांना माहीत होतं, पण साडेतीन हजार रुपयांची बाटली बंद करायला तेवढं पुरलं. आल्याचा काढा मात्र चालू आहे. "तो मला आवडतो म्हणून घेते, त्याचं काही सिद्ध करायचं नाहीये मला."

आम्ही चाळीस मिनिटं शूटिंग केलं. ताई मस्त हसत होत्या, दारापर्यंत सोडायला पण आल्या. या आजारात दमलेलं लगेच कळत नाही, एकदोन दिवसांनी वसूल होतं. चार दिवसांनी त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. शूटिंगच्या दिवशी निळा ठिपका, दुसऱ्या दिवशी निळा, त्यापुढे काळा, काळा. आणि आमच्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलंय, "पाहुणे, 40 मि."