गर्भातून उलगडणारी शरीररचना

(नाशिक येथे वैद्यकीय, परिचर्या आणि प्राणिशास्त्र शाखांच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

शरीररचनाशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, असे तुमच्यापैकी बहुतेकांना वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी आधीच सांगितलेले असेल. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, कारण २०६ हाडांची नावे, स्नायूंची उगमस्थाने आणि धमन्यांच्या शाखा लक्षात ठेवाव्याच लागतात. परंतु पाठांतराचा कंटाळा ज्या ठिकाणी येतो, म्हणजे एखादा मज्जातंतू सरळ जाण्याऐवजी वळसा का घेतो किंवा एखादी धमनी आपल्या अवयवापासून इतक्या दूर का उगम पावते हे कळत नाही तेथे, उत्तर जवळजवळ नेहमी गर्भविज्ञानात सापडते. प्रौढ शरीर ही घडून गेलेल्या हालचालींची नोंद आहे आणि त्यांतल्या बहुतेक हालचाली पहिल्या आठ-दहा आठवड्यांत झालेल्या असतात, एवढे एकच म्हणणे मला आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

नाशिककरांना हे समजायला फार लांब जावे लागणार नाही. नव्या वसाहतींतला रस्ता आधी नकाशावर आखला जातो आणि घरे नंतर उभी राहतात, म्हणून तो सरळ असतो. जुन्या नाशकात भद्रकालीच्या आसपास वाडे आधी उभे राहिले आणि त्यांच्यामधून उरलेल्या वाटांच्या गल्ल्या झाल्या. त्या गल्लीचे वळण समजून घ्यायचे तर तेथे आधी काय होते हे विचारावे लागते.

शरीर उघडून पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री मुरवण्याची आणि नंतर कुंचल्यासारख्या साधनाने हळूहळू घासून एकेक थर पाहण्याची रीत सांगितली आहे. युरोपात शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसचा सचित्र ग्रंथ १५४३ मध्ये आला. आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा भाग म्हणून भारतात शवविच्छेदन सुरू झाले ते १८३६ मध्ये कोलकात्यात, पंडित मधुसूदन गुप्त यांच्या हातून, आणि त्यासाठी त्यांना समाजाचा रोष सहन करावा लागला. आज ज्या देहांवर तुम्ही शिकणार आहात त्यांतले अनेक देह कोणीतरी जिवंतपणी विचारपूर्वक दान केलेले आहेत. डिसेक्शन हॉलमध्ये आपले बोलणे-वागणे कसे असावे, हे याहून अधिक सांगण्याची गरज मला वाटत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. फलन बहुतेक वेळा गर्भाशयात होत नाही, ते अंडनलिकेच्या रुंद भागात होते. युग्मनजाचे, म्हणजे फलित अंडपेशीचे, पहिले विभाजन पूर्ण व्हायला साधारण एक दिवस लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बारा ते सोळा किंवा त्याहून काही अधिक पेशींचा घट्ट गोळा तयार होतो. या काळात पेशींची संख्या वाढते, पण एकूण आकार वाढत नाही, कारण अंडपेशीभोवतीचे पारदर्शक कवच अजून शाबूत असते. पाचव्या दिवसाच्या सुमारास आत पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट या कवचातून बाहेर पडतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. त्याच्या बाहेरच्या पेशी अपरेच्या, म्हणजे वारेच्या, निर्मितीला लागतात आणि आतल्या मूठभर पेशींमधून पुढे बाळ घडते. दुसऱ्या आठवड्यात या आतल्या पेशींची दोन थरांची एक चकती होते.

तिसरा आठवडा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. पंधराव्या दिवसाच्या आसपास या चकतीच्या मध्यरेषेवर, मागच्या टोकाकडून, एक उथळ चर उमटतो. या आद्यरेषेतून वरच्या थरातील पेशी आत उतरतात, पसरतात आणि दोन थरांच्या जागी तीन थर होतात. बाह्यस्तरातून त्वचेचा वरचा भाग आणि चेतासंस्था, मध्यस्तरातून स्नायू, हाडे, रक्तवाहिन्या व मूत्रपिंडे, तर अंतःस्तरातून आतड्याचे व श्वसनमार्गाचे आतले अस्तर तयार होते. हे तीनही थर मूळच्या एकाच वरच्या थरातून येतात, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, पण ती विसरू नका. डोके कोणते, शेपटीकडचे टोक कोणते, डावे-उजवे कोणते, हे सगळे याच सुमारास पक्के होते.

त्यानंतर बाह्यस्तराचा मधला पट्टा जाड होतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि मध्यरेषेवर एकमेकींना मिळून नळी तयार होते. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू याच नळीपासून घडतात. कडा प्रथम मानेच्या भागात जुळतात आणि तेथून जोड दोन्ही दिशांना पुढे सरकतो. वरचे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास आणि खालचे सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. वरचे मिटले नाही तर मेंदू व कवटीची वाढ होत नाही आणि खालचे मिटले नाही तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो.

हे दिवस फलनापासून मोजलेले आहेत, याकडे लक्ष द्या. प्रसूतितज्ज्ञ गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्यामुळे त्यांचा आकडा साधारण दोन आठवड्यांनी पुढे असतो. पाळी चुकली म्हणून एखादी स्त्री सहा आठवड्यांची गरोदर असताना दवाखान्यात येते, तेव्हा गर्भ चार आठवड्यांचा असतो आणि ही नळी मिटलेली, किंवा मिटायची राहून गेलेली, असते. म्हणूनच फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात. दिवस राहिल्यावर सुरू केलेली गोळी या एका कामासाठी बहुधा उशिराची ठरते. तुमच्यापैकी जे पुढे पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकच्या वाड्यापाड्यांवर काम करतील त्यांनी ही गोष्ट नव्या जोडप्यांना लग्नानंतर लगेच सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट याच ओघात सांगतो. अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असते आणि शुक्राणूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. त्यामुळे मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणी शुक्राणूवरून ठरते. सहाव्या आठवड्यापर्यंत दोघांच्या जननग्रंथी दिसायला सारख्याच असतात. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक कार्यरत असेल तर त्यांचे वृषण होतात. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आजही आहेत, आणि त्या घरांत हे विज्ञान ठामपणे सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे असणार आहे.

आता अवयवांच्या स्थलांतराकडे येऊ. सहाव्या आठवड्यात आतडे पोटात मावेनासे होते, नाळेत शिरते, वळते आणि दहाव्या आठवड्यात परत येते. समोरून पाहिले तर एकूण वळण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने २७० अंशांचे असते आणि त्यामुळे अपेंडिक्स उजवीकडे खाली जाऊन बसते. त्याचा संवेदनमार्ग मात्र मधल्या आतड्याचाच राहतो, म्हणून अपेंडिक्सची सूज बेंबीभोवतीच्या दुखण्याने सुरू होते आणि पोटाच्या भिंतीचे अस्तर सुजल्यावरच दुखणे उजवीकडे उतरते. वृषण कमरेच्या पातळीवर जन्मतात आणि नंतर खाली उतरतात, म्हणून त्यांची धमनी थेट महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमनीच्या किंचित खालून निघते. श्वासपटलाचा, म्हणजे छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याचा, मुख्य मध्यभाग चौथ्या आठवड्यात मानेच्या पातळीवर असतो. तो खाली सरकताना आपला फ्रेनिक मज्जातंतू बरोबर ओढत नेतो, आणि म्हणूनच या पडद्याच्या मध्यभागाला संवेदना मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जातंतूंपासून मिळते. पोटात रक्तस्राव झालेला रुग्ण खांदा दुखतो म्हणतो, कारण खांद्याच्या त्वचेची संवेदनाही तिसऱ्या-चौथ्या मज्जातंतूंतूनच जाते.

या सगळ्यांत स्वरयंत्राच्या परतणाऱ्या मज्जातंतूइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. गर्भाच्या गळ्याजवळ महाधमनीच्या कमानींच्या जोड्या असतात आणि मेंदूतून निघून मान व छातीतून खाली जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची ही शाखा सहाव्या कमानीच्या खालून स्वरयंत्राकडे जाते. त्या वेळी हा सरळ आणि जवळचा मार्ग असतो. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरते आणि कमानीही त्याच्याबरोबर खाली जातात. डावीकडे सहावी कमान जन्मापर्यंत फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणारी वाहिनी म्हणून टिकते, त्यामुळे डावा मज्जातंतू तिच्यात अडकून थेट छातीपर्यंत उतरतो आणि महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर येतो. उजवीकडे सहाव्या कमानीचा तो भाग नाहीसा होतो, पाचवीही उरत नाही, म्हणून उजवा मज्जातंतू चौथ्या कमानीपाशी, म्हणजे हाताला रक्त नेणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीपाशी, अडकतो आणि मानेच्या मुळाशीच परततो. यामुळेच आठवडेच्या आठवडे आवाज बसलेल्या रुग्णाचा घसा तपासून झाल्यावर आपण त्याच्या छातीचा एक्स-रे मागवतो. डाव्या फुप्फुसातली गाठ किंवा फुगलेली महाधमनी त्या मज्जातंतूवर दाब देत असू शकते.

हे स्पष्टीकरण खरे असेल, तर उजवीकडची चौथी कमानच नाहीशी झाली तेव्हा काय व्हायला हवे? मज्जातंतूला अडवणारे काही उरणार नाही आणि तो व्हेगसपासून थेट स्वरयंत्राकडे जाईल. थोड्या व्यक्तींमध्ये नेमके असेच आढळते. त्यांची उजवी सबक्लेव्हियन धमनी महाधमनीच्या कमानीच्या शेवटच्या टोकापासून निघून बहुधा अन्ननलिकेच्या मागून जाते आणि उजवा मज्जातंतू न परतता आडवा येतो. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला नेहमीच्या जागी मज्जातंतू सापडला नाही, तर समोरची आडवी पांढरी दोरी कापण्यापूर्वी त्याने थांबून ही शक्यता पडताळली पाहिजे, कारण ती दोरी म्हणजे त्या रुग्णाचा आवाज असू शकतो.