बटण चालू राहिलं तर

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बाहेर पडताना मोबाइलचा चार्जर आठवणीने काढणारी आणि गीझर दिवसभर तसाच ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुमच्यातही असतील, हसताय म्हणजे आहेतच. आज मला त्यांच्याशीच बोलायचंय. चालू राहिलेल्या उपकरणाची भीती आपल्या सगळ्यांना असते, पण ती बहुतेक वेळा भलत्याच उपकरणाची असते. शिवाय खर्च आणि धोका या दोन गोष्टी आपण एकत्र बांधून टाकतो. पैसे खाणारं उपकरण वेगळं असू शकतं आणि घर पेटवणारं वेगळं.

आधी खर्चाचं बघू, ते लवकर आटपतं. एक वॅटचं काहीही वर्षभर अखंड चालू राहिलं तर त्याचे तास होतात 8,760, आणि वीज लागते 8.76 युनिट. म्हणजे पावणेनऊ. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचं तोंडी करता येतं. राउटर साधारण दहा वॅटचा, म्हणून वर्षाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी युनिट. बरेचसे सेट-टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केले तरी जवळजवळ तेवढंच खात बसतात, फक्त समोरचा दिवा रंग बदलतो. आता तो चार्जर. फोन न लावता सॉकेटमध्ये राहिलेला आजकालचा चांगला चार्जर एक दशांश वॅटच्या आसपास घेतो. वर्षाला एक युनिटसुद्धा नाही. उलट गीझरमधलं पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला एका वेळेला 0.6 युनिट लागतं. एका टाकीच्या दीडपट विजेत तुमच्या चार्जरचं वर्ष निघालं.

रिकाम्या खोलीत फिरत राहिलेला पंखाही असाच. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा आठ तास फुकट फिरला की तेच 0.6 युनिट. पंख्याने खोली गार होत नाही, अंगावरचा घाम वाळतो. खोलीत अंगच नसेल तर पंखा फक्त हवा घुसळतो, आणि त्याच्या मोटरची उष्णता खोलीतच राहते.

या बारीकसारीक खाण्याची दखल जगाने उशिरा घेतली. उपकरण बंद असताना एक वॅटपेक्षा जास्त घेऊ नये, ही कल्पना आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 1999 मध्ये पुढे आणली. युरोपीय संघाने तिचा नियम केला आणि 2013 पासून साध्या स्टँडबायची, म्हणजे रिमोटची वाट बघत बसलेल्या उपकरणाची, मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली. म्हणून नव्या टीव्हीच्या लाल दिव्याची काळजी करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. जुना टीव्ही, जुना स्टीरिओ असेल तर मात्र भिंतीवरचं बटण बंद करा.

खर्चातला खरा वाद गीझरवर आणि एसीवर होतो. “पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालण्याऐवजी टाकीवर हात ठेवायला सांगतो. टाकी बाहेरून कोमट लागते ना? ती उष्णता तुमच्या पाण्यातूनच येते आहे. आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी उष्णता जोरात बाहेर पडते. चालू गीझर हा फरक चोवीस तास कमाल पातळीवर धरून ठेवतो, म्हणून गळतीही चोवीस तास कमाल. बंद केलात तर पाणी निवत जातं, फरक कमी होतो, गळतीही मंदावते. पुन्हा तापवताना निवलेली तेवढीच उष्णता भरून द्यावी लागते, वर दंड काही नसतो. म्हणजे बंद ठेवण्यात नुकसान कधीच नाही, फायदा किती होईल एवढाच प्रश्न. छोट्या, चांगलं आवरण असलेल्या टाकीत तो दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आतबाहेर असतो. जुनी, आवरण बसून गेलेली टाकी असेल तर बराच जास्त.

एक सूचना मात्र देऊन ठेवतो. बचतीच्या नादात गीझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, चाळिशीवर आणून टाकी तशीच कोमट ठेवू नका. लीजनेला नावाचा जिवाणू वीस ते पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात सुखाने वाढतो. साठवलेलं पाणी साठ अंशांवर न्यावं आणि वापरताना थंड मिसळावं.

एसीलाही हाच न्याय. दोन-चार तास घरात कोणी नसेल तर बंद. दहा मिनिटांसाठी बंद-चालू करत बसू नका. ट्यूबलाइट लावताना म्हणे तासाभराची वीज एकदम जाते, ही कथा सोडूनच द्या. तो झटका सेकंदाच्या अंशाचा असतो.

आता धोका. मला जास्त बोलायचंय ते याच्यावर.

इस्त्री हजार वॅटची. विसरून राहिली तर बिलात फारसं कळणारही नाही, कारण थर्मोस्टॅट तिला अधूनमधून तोडत असतो. खर्चाच्या यादीत ती तळाला आणि धोक्याच्या यादीत वरती. तिचा खरा घात होतो वीज गेल्यावर. इस्त्री चाललेली असते, वीज जाते, माणूस इस्त्री कापडावर आडवीच ठेवून उठतो आणि बाहेर पडतो. बटण चालूच. दोन तासांनी वीज येते, घरात कोणी नाही. शेगडी, हीटर, पाणी तापवायचा रॉड, सगळ्यांचं असंच. वीज गेली की आधी हाताने बटण बंद करायचं आणि मग मेणबत्ती शोधायची. क्रम हाच.

यापेक्षा छुपी जागा म्हणजे पिन आणि सॉकेट यांची गाठ. आज घरी गेलात की एक करा. गीझर किंवा इस्त्री अर्धा तास चालल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांना लगेच बोट न लावता आधी नीट बघा. पितळ चकचकीत हवं. एखादी पिन तपकिरी-काळसर झाली असेल, तिच्या बुडाशी प्लास्टिक पिवळं पडून किंचित फुगलं असेल, सॉकेटच्या त्या भोकाची कड मऊ होऊन पसरली असेल, तर तिथे महिनोन्महिने काहीतरी तापत आलंय. बहुधा एकच पिन काळी असते, कारण तेवढीच पकड सैल झालेली असते.

हिशोब सोपा आहे. सैल पकडीत समजा एक दशांश ओहमचा रोध, म्हणजे प्रवाहाला अडथळा, आला. त्यातून दहा अँपिअर गेले की तिथे दहा वॅट उष्णता तयार होते. दहा वॅट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ती ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत तयार होते, आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. धातू तापला की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, थराने रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते. प्रवाह निम्मा केला तर उष्णता चौथाईवर येते, म्हणून हीच सैल पिन दिवा लावला तर वर्षानुवर्षं गप्प राहते आणि हीटर लावला की बोलायला लागते.

“पण आमच्याकडे एमसीबी आहे,” असं इथे कोणीतरी म्हणतंच. एमसीबी म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारं बोर्डावरचं बटण. त्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त प्रवाह, आणि सैल जोडातून प्रवाह नेहमीएवढाच जात असतो. बरं, जास्त प्रवाहालाही तो लगेच पडतो असं नाही. आयईसी 60898 या एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअरला तासभर पडता कामा नये, आणि 23 अँपिअरला तो तासाच्या आत पडायला हवा. तासाच्या आत! तेवढ्यात सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शनची बारीक वायर, तीही गुंडाळून सोफ्याखाली सारलेली, काय होईल ते सांगायला नको. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगसाठी बसवलेला असतो, तुमच्या बाजारातून आणलेल्या बोर्डासाठी नाही. गीझर, हीटर, मायक्रोवेव्ह थेट भिंतीच्या सॉकेटवरच हवेत. फ्रिजसुद्धा.

फ्रिजचं नाव काढलं म्हणून सांगतो, कारण तो बंद करून झोपता येत नाही. 14 जून 2017 ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेली आग चौथ्या मजल्यावरच्या एका मोठ्या फ्रिज-फ्रीझरमधल्या विजेच्या दोषातून सुरू झाली, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. 72 माणसं गेली. एवढी माणसं गेली ती इमारतीवरच्या ज्वालाग्राही आच्छादनामुळे, ते खापर फ्रिजवर फोडता येणार नाही. पण त्या घरातला माणूस झोपेतून उठला तो धुराच्या अलार्मने. सतत चालणाऱ्या उपकरणाबाबत आपल्या हातात एवढंच असतं: मागे हवा खेळायला जागा, स्वतंत्र सॉकेट, आणि धुराचा अलार्म.

बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा कोणाच्या खिजगणतीत नसतो. तो महिनोन्महिने चालतो, त्यावर धूळ आणि तंतू साठतात, बेअरिंग आखडतं, पाती थांबतात आणि मोटर तशीच तापत राहते. गुरगुर ऐकू आली की तो काढून साफ करा. कपडे वाळवायच्या यंत्राचंही तसंच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळातल्या अशा आगींचा अभ्यास केला, तेव्हा वर्षाला सुमारे 2,900 आगी आणि सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं, हे निघालं. ते यंत्र लावून झोपू नये. आणि सायकलीच्या किंवा स्कूटरच्या लिथियम बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला, त्याही दाराच्या वाटेवर, कधीच नाही. ती बॅटरी पेटली की आतल्या आत स्वतःला उष्णता पुरवत जाते आणि बाहेर पडायचा रस्ताच अडतो.

प्रश्न आलाय की गावाला जाताना मेन स्विच बंद करावा का. फ्रिजमध्ये काही ठेवणार असाल तर नाही, एकेक एमसीबी पाडा आणि फ्रिजचा तेवढा राहू द्या. फ्रिज रिकामा करणार असाल तर मेन खुशाल बंद करा, पण फ्रिजचं दार बोटभर उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. वॉशिंग मशीनचा नळही बंद करून जा. तिच्या रबरी नळीवर पाण्याचा दाब चोवीस तास असतो, यंत्र चालू असो वा नसो, आणि ती फुटली तर खालच्या घराचं छत तुम्हाला परतल्यावर बघायला मिळेल. कुठला एमसीबी कशाचा हे बोर्डावर लिहिलेलं नसलं तर निघायच्या दिवशी गोंधळ होतो. एखाद्या सुटीला दुपारी दोघांनी मिळून एकेक पाडत जायचं, एकाने ओरडून सांगायचं काय बंद पडलं, आणि दुसऱ्याने लिहीत जायचं.